एक दिसला होता

"काच खोटं बोलत न्हाई, बाबूसाब. खोटं बोलतात ती माणसं," असं म्हणून आमचे तंत्रज्ञ काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरत, डावा डोळा मिटत आणि नाकातून लांब श्वास सोडत. ऐकणाऱ्याला वाटावं, आता काहीतरी शाश्वत कानावर पडणार. प्रत्यक्षात आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या टँकर आला तरच धुतल्या जात. एरवी ते त्या खिशातल्या दस्तीने पुसत. त्यामुळे काच खोटं बोलत नसली, तरी ती नेमकी कोणाबद्दल खरं बोलते आहे, याची दर वेळी खात्री देता येत नसे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा फटाके वाजले, गुलाल उधळला आणि मग लोकांच्या लक्षात आलं की जिल्हा आला तरी पाणी आलेलं नाही. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि भांडण लावून जायचा. अशा दिवसांत साहेब आले, साहेबांच्या खुर्च्या आल्या, जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून पाट्या नव्याने रंगल्या. मी शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात टंकलेखक होतो. हे तंत्रज्ञ नांदेडच्या दवाखान्यातून बदलून आले. मूळचे उदगीरकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी आणि राग आला की उर्दू. शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असे. सूक्ष्मदर्शकावर वाकले की तो करंडा टेबलाला लागून टक् वाजे. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की ते कामाला लागले.

लोक त्यांना डाक्टर म्हणत. ते लगेच दुरुस्त करत. "मी डाक्टर न्हाई. मी बघतो फक्त. दिसलं तर लिहितो, न्हाई दिसलं तर न्हाई लिहितो."

रक्त घेण्यात त्यांना दयामाया नव्हती. पेशंट हात मागे ओढू लागला की मनगट पिरगाळून सुई खुपसत आणि वर म्हणत, "इथं एक थेंब द्यायला रडतो. पाण्याच्या रांगेत भांडून लोटाभर सांडतो, तेव्हा न्हाई रडत?" हे खरंच होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या फुटलेल्या डोक्यांपैकी निम्मी तरी पाण्याच्या रांगेतली असत. घागर हे तेव्हा भांडं कमी आणि हत्यार जास्त होतं.

प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला मंत्री आले होते. फीत कापायला कात्री सापडेना म्हणून ऑपरेशन थिएटरमधली आणली. मंत्र्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्यांना सांगितलं, "वा. काय हालचाल आहे." आमचे तंत्रज्ञ शेजारीच उभे होते. म्हणाले, "त्या आपल्या पापण्या हायत, साहेब. अजून काच लावली न्हाई."

पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला स्वतःच्याच पापण्या दिसतात. काळ्या, वाकड्या, फडफडणाऱ्या. नवे डॉक्टरही फसत. त्यांनी आजवर एकालाही माफ केलं नव्हतं. मंत्र्यांनाही केलं नाही, एवढंच. आमच्या शल्यचिकित्सक साहेबांचा चेहरा त्या दिवशी असा झाला की त्याचीच तपासणी करावी.

आणीबाणीत आमच्या भागात माणसं ट्रकमधून उतरवून नसबंदीला नेली होती, हे तुम्हालाही आठवत असेल. पुढे त्यांतल्या काहींची मुलं दगावली. अशांची कापलेली नस परत जोडून देण्याची सोय नव्या रुग्णालयात झाली. महिन्यातून एकदा बाहेरून एक मोठे सर्जन येत आणि डोळ्यांना भिंगं लावून, केसाएवढ्या दोऱ्याने, शेवग्याच्या देठापेक्षा बारीक नळी शिवत. शिवण्याआधी नळीच्या आतल्या तोंडाशी एक थेंब येतो. तो काचेवर घेऊन नर्स व्हरांड्यातून पळत प्रयोगशाळेत यायची. थेंबात शुक्रजंतू आहेत की नाहीत, हे ते बघून सांगत. तोवर आत माणूस तसाच उघडा पडलेला असे.

एवढंच त्यांचं काम होतं. पण त्या थेंबाने त्यांना झपाटलं. उरलेला थेंब ते बारीक परीक्षानळीत घेत, मीठपाणी घालून वाढवत, वर आम्लाचे दोन थेंब सोडत आणि नळीमागे वर्तमानपत्र धरत. थेंबात प्रथिन जेवढं जास्त, तेवढी नळी गढूळ. बारीक अक्षरातली बातमी वाचता आली तर प्रथिन कमी. नुसता मथळा दिसला तर मध्यम. मथळाही दिसला नाही तर अतिशय. त्यांचा स्वतःचा सिद्धान्त असा होता की गढूळ थेंब म्हणजे आतली वाट गच्च, त्या माणसाला मूल होणं अवघड. मला बोलावून ते नळी दाखवत. "वाचा, बाबूसाब. काय लिहिलंय?" मी वाचायचो, "टंचाईच्या उपाययोजना युद्धपातळीवर." "वाचता आलं ना? मग ह्याला लेकरू होतं बघा." टंचाईच्या बातमीचा इतका आशादायक उपयोग मी पुन्हा पाहिला नाही.

मारोती हा डाळमिलमधला हमाल. बोरासारखे डोळे आणि मानेवर पोत्याने पडलेला घट्टा. आणीबाणीत तो बाजारातून परत येत होता. ट्रक थांबवला, मागून दांडका घातला, चौघांनी शाळेच्या बाकावर धरून ठेवलं. तेव्हा त्याला एकच मुलगा होता. तो मुलगा दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात नदीच्या डबक्याचं पाणी पिऊन हगवणीने गेला. मारोती आणि त्याची बायको कौसा अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे आले, तेव्हा अर्जातला "अपत्याच्या मृत्यूचे कारण" हा रकाना कौसाने सांगितला आणि मारोती भिंतीकडे बघत राहिला.

त्याच्या ऑपरेशनला आतला थेंब आला तो पिठाच्या खळीसारखा. काचेवर एकही शुक्रजंतू नाही. नळीमागे मथळासुद्धा दिसेना. सर्जनांनी तरीही नस जोडली आणि बाहेर येऊन वार्ताहराला सांगितलं की शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ते छापून आलं. पुढचे काही दिवस नळीमागे हेच वर्तमानपत्र होतं.

मारोतीचा अहवाल मीच टंकित केला. "शुक्रजंतू दिसले नाहीत. प्रथिन अतिशय." इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण यशाची ती बातमी वाचून ते धुमसत होते. म्हणाले, "आणखी लिहा. अपत्याची शक्यता नाही."

मी म्हटलं, "हे तुम्ही बघितलंय का?"

"नळी बघितली की."

मी टंकलं. तीन शब्दांना किती वेळ लागतो?

तीन महिन्यांनी तपासणीला या असं सांगूनही मारोती आला नाही. बाटलीत नमुना द्यायचा म्हणजे पुन्हा मान खाली घालायची. तो आला नाही, पण वर्षाच्या आतच कौसा आली. हातगाडीवर आडवी टाकून. चौथा महिना चालू होता. उजवा हात कोपराखाली मोडलेला आणि पाठीत पोती उचलायच्या लोखंडी आकड्याची जखम, बोट आत जाईल एवढी. हात मारोतीने मोडला होता. पाठ त्याच्या थोरल्या भावाने फोडली होती. घरात चारपाच वेळा वाचून घेतलेला आमचा कागद होता.

तंत्रज्ञांना हे कळलं तेव्हा ते हातातलं काम तसंच टाकून बायकांच्या वॉर्डात गेले. मी मागून गेलो. ते खाटेशी उभे राहिले.

"कागद मी लिहिला होता, बाई," म्हणाले.

कौसाने डोळे उघडले. "तुमी काई बघितलं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग लिवलं कशाला?"

आयुष्यभर हा प्रश्न ते दुसऱ्यांना विचारत आले होते. त्यांनी तिच्या खाटेवरची माशी दस्तीने हाकलली आणि परत फिरले.

दुपारी थोरला आला. बरोबर भावकीतले दोघं आणि सगळ्यांच्या मागे मारोती. दवाखान्याच्या चौकीतला जमादार टंचाई दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलेला. मी प्रयोगशाळेत कसलीशी सही घ्यायला गेलो होतो. दारात भावकीतला एक जण उभा राहिला आणि माझं जाणं रद्द झालं.

थोरल्याने कागद टेबलावर ठेवला. "ह्यो तुमचाच ना?"

"हाव. माझाच."

"मंग ह्यावर शिक्का मारून द्या. पंचाला दावायचाय. मंग तिचं काय करायचं ते आमचं आमी बघतो. हितंच हाय ती, आमाला ठावं हाय."

"कागद चूक आहे," ते म्हणाले.

मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आकडा आधी टेबलावर आला. नळ्यांचा स्टँड फुटून काचा माझ्या पायापर्यंत आल्या. दुसऱ्यांदा तो त्यांच्या खांद्यात रुतला. थोरल्याने तो ओढून काढला तेव्हा शर्टाचा तुकडाही बरोबर आला. रक्त कोपरापर्यंत उतरलं. त्यांनी खांद्याकडे असं पाहिलं जसं दुसऱ्याचा नमुना आलाय, दस्तीची घडी करून दाबली आणि उर्दूत एक शिवी दिली. मग मराठीत म्हणाले, "मारायचं तर मारा. पण आधी मारोतीला तपासू द्या. तासाचं काम हाय. तास तरी थांबाल ना?"

"आनि न्हाई निघालं तर?"

"तर तसं लिहितो. शिक्क्यासकट."

मारोतीला पेनिसिलीनची रिकामी बाटली देऊन संडासात पाठवलं. तो कितीतरी वेळाने आला. बाटली टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही.

"बघा आता," थोरला म्हणाला.

"अर्धा तास लागतो. पातळ व्हावं लागतं."

"आमाला टाइम न्हाई."

"मग चुकीचं दिसंल. एकदा चुकीचं झालंय. अजून एकदा पाहिजे का?"

थोरला स्टूल ओढून त्यांच्या मागे बसला आणि आकड्याचं टोक त्यांच्या मानेवर टेकवलं. तो अर्धा तास मी मोजला नाही, पण भोगला. मध्येच दारातल्या माणसाला ढकलून एक म्हातारी आत आली. तिच्या हातात काडेपेटी. "नातवाची शी हाय, मामा. सकाळची." त्यांनी डाव्या हाताने काडेपेटी घेतली, वर नंबर घातला आणि म्हणाले, "उद्या या, आजी. आज जरा गर्दी हाय." म्हातारीने रक्ताकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, "उद्या किती वाजता?" विचारलं आणि गेली.

मग ते वाकले. करंडा टेबलाला टक् वाजला. एक काच झाली. काही नाही. दुसरी लावली. खांद्यातून थेंब थेंब पडत होता आणि ते चाकं फिरवत होते.

"दिसलं का?"

"आकडा हलवू नका. मान हलते."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला, माणसं धावली. आत कोणी हललं नाही.

"एक," ते म्हणाले.

"काय एक?"

"एक दिसला. जिवंत हाय. शेपटी हलवून राहिलाय."

थोरला हसला. मला त्या हसण्याची आकड्यापेक्षा जास्त भीती वाटली. "एक? पोतंभर मातीत एक दाना तुरीचा निघाला, तर त्याला तुरीचं पोतं म्हनतेत का, मामा?"

"लेकरू एकापासूनच होतं."

"आमाला शिकवू नगा. एक तुमी बनवून सांगून राहिले."

मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो: त्यांनी एक म्हटलं म्हणजे एक होता. शून्य असता तर मानेत आकडा रुतला असता तरी त्यांनी शून्यच म्हटलं असतं. त्या दुपारी तर नक्कीच.

"मारोती," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. तू बघ."

मारोती आला. कधी असल्या यंत्राला हात लावलेला नाही. डोळा इतका दाबून लावला की कपाळ नळीवर आपटलं. एप्रिल-मेच्या त्या उष्म्यात काचेवरचा थेंब कडेने सुकायला लागला होता आणि तो एकुलता एक जंतू, मारोतीच्या धक्क्याने काच सरकल्यावर, कुठल्या कुठे गेला असणार, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

मारोती बघत राहिला.

"हायत की, दादा," तो म्हणाला. "लई हायत. काळे काळे. वाकडे. फडफडून राहिलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मंत्र्यालाही ऐकवलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं मला स्पष्ट दिसलं. ओठ उघडले. मानेवर आकडा होताच, पण त्या आकड्याला ते घाबरले असते तर गोष्ट वेगळी होती. व्हरांड्याच्या पलीकडे कौसाचा वॉर्ड होता.

ओठ मिटले.

थोरल्याने आकडा काढून खांद्याला अडकवला आणि स्वतः डोळा लावला. त्यालाही दिसल्या. त्याच्या तर भरदार होत्या. "च्यायला," एवढंच म्हणाला. मारोती रडत वॉर्डाकडे गेला. कौसा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली नाही.

त्यांनी अहवाल लिहिला: "एक दिसला. हलणारा." कागदावर रक्ताचा डाग पडला म्हणून मी दुसरा टंकला. वर आमच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "रुग्णाने स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहून खात्री केली." शस्त्रक्रियेच्या यशाला त्याने वजन येत होतं. नंतर चौकशी झाली. आकडा घालणाऱ्याची नव्हे. ते आपसात मिटलं. अनधिकृत व्यक्तींना शासकीय सूक्ष्मदर्शक हाताळू दिल्याबद्दल त्यांची किनवटला बदली झाली. आदेश मीच टंकला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. "बरोबर हाय," म्हणाले. "हाताळू दिला होता." नळीमागे धरायची वर्तमानपत्रं त्यांनी बांधून रद्दीत दिली. सिद्धान्ताबद्दल पुन्हा एक शब्द नाही.

कौसाला मुलगी झाली. तीन महिन्यांची पोर घेऊन ती त्यांना दाखवायला आली, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप होतं. जागा भरली नव्हती. मोडलेला हात वाकडा जुळला होता. त्याच हातावर पोर. मी विचारलं, "घरी बरं आहे का?"

"बरंच म्हनायचं. थोरले भाऊजी कुनी बोललं की सांगतेत, आमी आमच्या डोळ्यानं बघितलं म्हनून." थोडं थांबून म्हणाली, "आकडा दारामागच्या खुंटीलाच असतो."

त्याच आठवड्यात किनवटहून पत्र आलं. त्यांचं अक्षर. "मारोतीच्या अहवालात दुरुस्ती करावी. मी एक पाहिला, हे खरे आहे. रुग्णाने व त्याच्या भावाने स्वतःच्या पापण्या पाहिल्या. मी त्या वेळी बोललो नाही. 'स्वतः पाहून खात्री केली' ही ओळ काढावी व रुग्णास तसे कळवावे."

मी खाजगी पत्र लिहिलं. लिहिलं की बाईचा जीव त्या ओळीवर उभा आहे. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. "बाबूसाब, एक दिसला होता. एक पुरतो, हे त्यांना नीट समजावून सांगावे. जास्त लिहिल्याने काय होते ते आपण दोघांनी पाहिले आहे." माणसाला समजावून सांगितलं की समजतं, असं मानणारा मला भेटलेला तो शेवटचा सरकारी नोकर.

मी ते पत्र साहेबांपुढे ठेवलं नाही. पुढे स्मरणपत्र क्रमांक एक आलं. दोन आलं. तीन आलं. चौथं आलं नाही. त्याऐवजी किनवटच्या दवाखान्याचं पाकीट आलं, त्यात त्यांच्या पत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला. कारण: हिवताप. खाली तपासणाऱ्याची सही नव्हती, कारण तपासणारे तेच होते.

अर्ज मी त्याच दिवशी पुढे पाठवला. त्यांचं पत्र, पोस्टकार्ड आणि तिन्ही स्मरणपत्रं टँकरच्या पत्रव्यवहाराच्या फायलीत लावली, कारण ती फाईल कोणी उघडत नसे. पुढच्या दोन वर्षांत पाऊस चांगला झाला आणि टंचाईचे कागद, गरज संपल्यामुळे, नियमाप्रमाणे जाळण्यात आले.